कमी करण्याचा अधिकार

काही वर्षांपूर्वी, शैक्षणिक वर्ष सुरू होऊन दोन महिने झाले असताना, आमच्या शाळेत शिक्षकांसाठी ताणाच्या व्यवस्थापनावर एक कार्यशाळा ठेवण्यात आली होती. ती ठरवणाऱ्यांत मीही होते. आठवड्याच्या वेळापत्रकात दुसरी जागाच शिल्लक नसल्यामुळे ती शनिवारी दुपारी ठेवावी लागली. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई मनापासून बोलत होत्या, श्वासाकडे लक्ष कसे द्यावे हे समजावून सांगत होत्या, आणि शेवटच्या रांगेत बसलेल्या माझ्या एक ज्येष्ठ सहकारी मांडीवर वह्यांचा गठ्ठा घेऊन तपासत होत्या. चहाच्या वेळी मी त्यांच्याजवळ गेले. त्या रागावलेल्या नव्हत्या. त्यांनी एवढेच विचारले, "हे तीन तास मला वह्यांसाठी दिले असते, तर उद्याचा दिवस मी घरच्यांबरोबर मोकळी असते. तसे देता आले नसते का हो?"

देता आले असते. कोणाची परवानगी काढावी लागली नसती, कोणत्याही खात्याला पत्र लिहावे लागले नसते, कारण आमची शाळा स्वतंत्र आहे. तिला सरकारी अनुदान मिळत नाही, तिचे विश्वस्त मंडळ तिचा कारभार पाहते आणि पालकांनी भरलेल्या शुल्कावर ती चालते. शाळेची वेळ, वर्गातील मुलांची संख्या, शिक्षकांच्या तासिका, वर्षभरातील चाचण्या आणि कार्यक्रम यांतील बहुतेक गोष्टी आम्हीच ठरवतो. तरीही त्या दुपारी ते तीन तास त्यांना परत द्यावेत हा विचार आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नव्हता. मदत करायची म्हणजे काहीतरी नवे सुरू करायचे, असेच आम्ही धरून चाललो होतो. त्या एका प्रश्नानंतर मी शाळेकडे जरा वेगळ्या नजरेने पाहू लागले, आणि स्वतंत्र शाळेच्या हातातील सर्वांत मोलाचे आणि सर्वांत कमी वापरले जाणारे स्वातंत्र्य म्हणजे काहीतरी कमी करण्याचे स्वातंत्र्य होय, या मतापर्यंत हळूहळू येऊन पोहोचले.

शाळांवरचे दडपण गेल्या काही वर्षांत बदलले आहे हे खरेच. २०२० च्या एप्रिलमध्ये १९० हून अधिक देशांतील शाळा-महाविद्यालये बंद होती आणि जगभरातील सुमारे १६० कोटी विद्यार्थी घरी होते. त्या काळात जी मुले पहिल्यांदा शाळेत पाऊल ठेवणार होती, त्यांच्या वागण्याबोलण्यातील काही उणिवा अजून भरून निघालेल्या नाहीत, असे त्यांना शिकवणारे शिक्षक सांगतात, आणि माझाही अनुभव तसाच आहे. त्यानंतर ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि गृहपाठ या शब्दाचा अर्थच ढिला पडला. शिक्षक मिळेनासे झाले आहेत. २०३० पर्यंत जगाला आणखी सुमारे ४.४ कोटी शिक्षकांची गरज भासेल, असा युनेस्कोचा अंदाज आहे. या सर्व गोष्टी सगळ्याच शाळांना सोसाव्या लागतात. स्वतंत्र शाळेचे म्हणून एक जास्तीचे दडपण असते, ते पैशाचे. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २०२५ पासून खासगी शाळांच्या शुल्कावर २० टक्के मूल्यवर्धित कर लागू झाला, तेव्हा तेथील शाळांना एका वर्षात आपला सगळा हिशेब नव्याने मांडावा लागला. पण कर नसला तरी शुल्कावर चालणाऱ्या शाळेच्या मनात प्रवेशांचा आकडा सतत जागा असतो. शेजारच्या शाळेने नवा विषय सुरू केला की आपणही करावा असे वाटते. एखाद्या पालकाने एखादी सूचना केली की ती पुढच्या वर्षीच्या माहितीपत्रकात छापली जाते. अशा रीतीने, कागदोपत्री जिला सर्वांत जास्त मोकळीक आहे ती शाळा प्रत्यक्षात कोणालाच नाही म्हणू शकत नाही, आणि हे सगळे ओझे शेवटी वर्गशिक्षकाच्या टेबलावर येऊन पडते.

ओझ्याने माणूस आतून संपत जातो, त्या अवस्थेला 'बर्नआउट' हे नाव हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसतज्ज्ञाच्या १९७४ मधील लेखनातून रूढ झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये रोगांच्या आपल्या वर्गीकरणात त्याची नोंद करताना तो आजार नसल्याचे स्पष्ट केले. कामाच्या ठिकाणी दीर्घकाळ साचलेल्या आणि नीट हाताळल्या न गेलेल्या ताणातून उद्भवणारी ती अवस्था आहे, असे तिचे वर्णन केले. तिच्या तीन खुणा सांगितल्या जातात: शक्ती संपून जाणे, कामापासून मनाने दूर जाणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असे वाटू लागणे. यांपैकी पहिली खूण सर्वांना दिसते. शाळेत मला भीती वाटते ती दुसरीची. जो शिक्षक पूर्वी एखाद्या मुलाविषयी बोलताना त्याची धाकटी बहीण, त्याचे चित्रकलेचे वेड, त्याचे बोलताना अडखळणे असे सगळे सांगत असे, तो एक दिवस त्याच मुलाचा उल्लेख 'तो साठच्या आतला' असा करू लागतो. हा कठोरपणा नसतो. मन आपल्याला जपण्यासाठी मध्ये एक पडदा ओढून घेते. परंतु त्या पडद्याच्या पलीकडे मूल उभे असते, आणि आपल्याकडे कोणी बघत नाही हे त्याला आपल्या बैठकीत विषय निघण्याच्या कितीतरी आधी कळलेले असते. म्हणून मुलांना आधार देण्याच्या योजना एकीकडे आणि शिक्षकांना आधार देण्याच्या योजना दुसरीकडे, अशी मांडणी मला पटत नाही. मुलाला मिळणारा आधार बहुतेक वेळा कुठल्यातरी एका शिक्षकामार्फतच येतो.

आम्ही सुरुवात वह्यांपासून केली. एका आठवड्यात प्रत्येकाने आपण तपासण्यात किती वेळ घालवतो याची नोंद ठेवली. घरी नेलेल्या वह्यांचा वेळ धरल्यावर भाषेच्या शिक्षकांचे आकडे पाहून बैठकीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग प्रश्न असा निघाला, की या तपासण्याचा मुलाला नेमका काय उपयोग होतो? रूथ बटलर यांचे १९८८ चे एक संशोधन शिक्षणक्षेत्रात पुष्कळ चर्चिले गेले आहे. त्यांनी मुलांचे तीन गट केले. एका गटाला कामावर फक्त गुण दिले, दुसऱ्याला फक्त अभिप्राय लिहून दिला आणि तिसऱ्याला गुण आणि अभिप्राय दोन्ही दिले. ज्यांना नुसता अभिप्राय मिळाला त्यांची पुढची कामगिरी आणि रुची वाढली. ज्यांना दोन्ही मिळाले त्यांना मात्र नुसते गुण मिळालेल्यांपेक्षा विशेष लाभ झाला नाही. गुण दिसले की अभिप्राय वाचला जात नाही, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिलेले असते. मूल वही उघडते, आकडा बघते, शेजाऱ्याचा आकडा बघते आणि वही मिटते. तेव्हा आम्ही मधल्या इयत्तांमध्ये रोजच्या कामावर गुण देणे थांबवले. प्रत्येक निबंध तपासण्याऐवजी तीन निबंधांपैकी एकच, परंतु नीट, दोन-तीन वाक्यांच्या अभिप्रायासह तपासायचा आणि मुलाने त्या अभिप्रायानुसार तोच निबंध पुन्हा लिहायचा, असे ठरवले.

पालक अस्वस्थ झाले, आणि त्यांची अस्वस्थता मला समजत होती. वहीतील लाल शाई ही शाळेत काहीतरी घडते आहे याची त्यांच्या हाती असलेली एकमेव खूण होती. ती आम्ही काढून घेतली. पहिल्या सभेत आवाज चढले. दुसऱ्या सभेत आम्ही मुलांचे तेच निबंध, पहिला आणि पुन्हा लिहिलेला, शेजारी शेजारी ठेवून दाखवले, आणि बोलण्याचा सूर बदलला. सगळे पटले असे नाही. दोन कुटुंबांनी त्या वर्षी शाळा बदलली. शुल्कावर चालणाऱ्या शाळेत असा निर्णय टिकतो तो केवळ मुख्याध्यापक आणि विश्वस्त शिक्षकाच्या पुढे उभे राहतात म्हणून. आमच्याकडे ते उभे राहिले. त्या दिवशी विश्वस्तांपैकी एक जण उठून शांतपणे म्हणाले, की हा निर्णय आमचा आहे, प्रश्न आम्हाला विचारा. शिक्षकांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उमटले, ते कोणत्याही कार्यशाळेनंतर मी पाहिलेले नाही.

यालाच लागून असलेली दुसरी गोष्ट म्हणजे संध्याकाळचे निरोप. पालकांचे गट मोबाइलवर आले आणि शाळा सुटण्याची वेळ नावापुरती उरली. रात्री दहाला 'उद्या कोणती वही?' असा प्रश्न येई, आणि ज्या शिक्षिकेने उत्तर दिले नाही तिची तुलना ज्या शिक्षिकेने दिले तिच्याशी होई. स्वतंत्र शाळांत पुष्कळ शिक्षक वर्षावर्षाच्या करारावर असतात. अशा शिक्षकाला 'तुम्ही उत्तर दिले नाही तरी चालेल' असे म्हणणे पुरेसे नसते, कारण उत्तर न देण्याची किंमत आपल्यालाच मोजावी लागेल ही धास्ती त्याच्या मनात असते. म्हणून आम्ही शिक्षकांना सवलत दिली नाही, नियम केला: संध्याकाळी सहानंतर शिक्षकाने उत्तर द्यायचे नाही, आणि खरोखरच तातडीचे काही असेल तर कार्यालयाच्या एका क्रमांकावर फोन करायचा. पहिल्या वर्षात त्या क्रमांकावर आलेले फोन अगदी हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते.

मुलांच्या बाबतीत कमी करण्यासारखे काय आहे याचा विचार करताना झोपेचा प्रश्न सर्वांत आधी पुढे आला. पौगंडावस्थेत शरीराचे घड्याळच पुढे सरकते, त्या वयातील मुलाला रात्री लवकर झोप येत नाही. तो निव्वळ आळस नसतो किंवा सगळा दोष मोबाइलचाही नसतो. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्येच अशी शिफारस केली होती, की मोठ्या मुलांच्या शाळा सकाळी ८.३० च्या आधी भरू नयेत. कॅलिफोर्निया राज्यात माध्यमिक शाळांसाठी हा २०२२ पासून कायदाच झाला. स्वतंत्र शाळेला त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही, आणि तरीही आम्हाला शाळेची वेळ बदलता आली नाही. बस धाकट्या आणि मोठ्या मुलांना एकाच फेरीत आणते, पालकांच्या नोकरीच्या वेळा तिच्याशी जुळलेल्या आहेत, आणि ते सगळे विस्कटणे आमच्या आवाक्यातले नव्हते. जे आवाक्यात होते ते केले. वरच्या इयत्तांसाठी पहिल्या तासिकेला चाचणी किंवा नवा धडा ठेवायचा नाही असे ठरवले. ती तासिका वाचनाची आणि अपुरे राहिलेले काम पुरे करण्याची झाली. ही अर्धीमुर्धी तोड आहे आणि मला तिचे समाधान नाही.

समुपदेशकाच्या नेमणुकीविषयी माझे मत थोडे नाजूक आहे, म्हणून सांभाळून लिहिते. शाळेत प्रशिक्षित समुपदेशक असलाच पाहिजे. काही मुलांची दुखणी अशी असतात की त्यांना हात घालण्याचे ज्ञान शिक्षकाकडे नसते, आणि असल्याचा आव आणणे धोक्याचे असते. परंतु समुपदेशक आला की वर्गशिक्षक मनातल्या मनात सुटतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. मूल उदास दिसले की चिठ्ठी लिहायची आणि त्याला त्या खोलीकडे पाठवायचे. हवाई बेटांपैकी कवाई या बेटावर १९५५ मध्ये जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वेर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कित्येक दशके अभ्यास केला. त्यांपैकी ज्यांचे बालपण गरिबी, घरातील भांडणे, आईवडिलांची आजारपणे अशा अनेक संकटांत गेले, त्यांच्यातीलही सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, मायाळू आणि जबाबदार माणसे झाली. या मुलांच्या आयुष्यात जे पुन्हा पुन्हा आढळले ते म्हणजे त्यांच्यावर जीव लावणारे निदान एक स्थिर प्रौढ माणूस. ते कधी आजी-आजोबा होते, कधी शेजारी, आणि पुष्कळदा शाळेतले शिक्षक.

असे माणूस होण्यासाठी वेळ लागतो, आणि हा वेळ आधीच भरलेल्या वेळापत्रकातून निर्माण होत नाही. १९१९ मध्ये श्टुटगार्टला सुरू झालेल्या पहिल्या वाल्डॉर्फ शाळेपासून चालत आलेली एक पद्धत मला यासाठी फार विचार करण्याजोगी वाटते: एकच वर्गशिक्षक आठ वर्षांपर्यंत त्याच मुलांबरोबर पुढच्या इयत्तेत जातो. आम्हाला तेवढे जमले नाही. आम्ही तीन वर्षांवर थांबलो. शिवाय आठवड्यातून दोनदा वर्गशिक्षकाला आपल्या वर्गाबरोबर वीस मिनिटे दिली, ज्यांत काहीही शिकवायचे नाही, काही सूचना वाचून दाखवायच्या नाहीत, कसली नोंद करायची नाही. ही वीस मिनिटे मिळवण्यासाठी आम्ही मूल्यशिक्षणाची स्वतंत्र तासिका काढून टाकली. सुरुवातीला काही शिक्षकांना ती वीस मिनिटे फार अवघड गेली. तिसऱ्या महिन्यात एका शिक्षकाला कळले, की त्यांच्या वर्गातील एक मुलगी चार आठवडे दुपारचा डबा न उघडता परत नेत होती. ते त्यांना कोणत्याही प्रश्नावलीतून कळले नव्हते. तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने बोलता बोलता सांगितले होते.

या सगळ्यात एक गोष्ट मला टोचत राहते आणि ती लपवून पुढे जाणे बरोबर होणार नाही. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये परीक्षा रद्द झाल्या आणि शालान्त परीक्षेचे गुण गणिती सूत्राने ठरवले गेले, तेव्हा ज्या विषयाला एखाद्या शाळेत अगदी थोडी मुले बसली होती तेथे शिक्षकांच्या अंदाजाला जास्त महत्त्व मिळाले. लहान वर्ग मुख्यतः खासगी शाळांत होते, त्यामुळे लाभही त्यांनाच अधिक झाला. देशभरात एकूण सुमारे ४० टक्के निकाल शिक्षकांनी दिलेल्या श्रेणीपेक्षा खाली ओढले गेले होते. मुलांनी रस्त्यावर येऊन निदर्शने केली आणि काही दिवसांतच ते सूत्र मागे घ्यावे लागले. लहान वर्ग हे आमच्यासारख्या शाळांचे बळ आहे आणि ते विकत घेतलेले आहे. अमेरिकेतील फिलिप्स एक्झिटर या शाळेला एडवर्ड हार्कनेस यांनी १९३० मध्ये मोठी देणगी दिली आणि तेथे बारा-एक मुले आणि एक शिक्षक एका लंबवर्तुळाकार टेबलाभोवती बसून शिकू लागली. शिक्षणाच्या दृष्टीने ती सुंदर कल्पना होती, परंतु तिच्यामागे एका धनिकाची तिजोरी होती. म्हणूनच पैसे न लागणाऱ्या गोष्टींविषयी मी इतका आग्रह धरते. गुण न लिहिणे, सहानंतर निरोपाला उत्तर न देणे, तीन निबंधांऐवजी एक तपासणे यांना देणगी लागत नाही. स्वतंत्र शाळेला या गोष्टी लवकर करून पाहता येतात, चुकल्या तर मागे घेता येतात, आणि काय घडले ते इतर शाळांना मोकळेपणाने सांगता येते. हे सांगणे आम्ही फार कमी करतो. यशाच्या बातम्या आम्ही छापतो, प्रयोगांच्या नोंदी कपाटात ठेवतो.

काय कमी करावे हे मुलांनाही विचारले पाहिजे, हे मला उशिरा सुचले. इंग्लंडमधील समरहिल ही ए. एस. नील यांनी १९२१ मध्ये सुरू केलेली शाळा. तेथे तासाला बसणे ऐच्छिक आहे आणि शाळेचे दैनंदिन नियम मुले आणि मोठी माणसे एकत्र सभा घेऊन, प्रत्येकी एक मत देऊन ठरवतात. १९९९ च्या सरकारी तपासणीनंतर या शाळेवर बंद पडण्याची वेळ आली आणि प्रकरण लंडनमध्ये न्यायाधिकरणापुढे गेले. २००० च्या मार्चमध्ये तडजोडीचा मसुदा पुढे आला, तेव्हा तो स्वीकारायचा की नाही हे ठरवण्यासाठी मुलांनी न्यायालयाच्या दालनातच आपली सभा भरवली आणि मतदान केले. समरहिलच्या सगळ्याच गोष्टी मला पटतात असे नाही. तासाला न बसण्याची मुभा काही मुलांना फार महागात पडेल असे मला वाटते. पण शाळेच्या जिवावर बेतले असताना मुलांना बाहेर ठेवले गेले नाही, हे मला मोठे वाटते. आम्ही आमच्या मोठ्या मुलांना विचारले, तेव्हा त्यांनी चाचण्या कमी करा असे म्हटले नाही. चाचणीचा निकाल वर्गात मोठ्याने वाचून दाखवणे बंद करा, असे त्यांनी सांगितले. आम्ही ते दुसऱ्या दिवसापासून बंद केले. इतकी वर्षे ते का चालू होते याचे कारण कोणालाच सांगता आले नाही.

आता शिक्षक कक्षात एक वही ठेवलेली असते. डाव्या पानावर नव्याने सुरू करायच्या गोष्टी लिहायच्या आणि उजव्या पानावर त्या बदल्यात थांबवायच्या. उजवीकडे काही लिहिल्याशिवाय डावीकडची नोंद बैठकीत घेतली जात नाही. या महिन्यात डावीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचे प्रशिक्षण आले आहे, आठवड्याला एक तास, सहा आठवडे. ते हवे आहे याबद्दल दुमत नाही, कारण निबंध घरून लिहून आणायला सांगण्यात आता अर्थ उरलेला नाही आणि वर्गात लिहून घेण्याची रीत सर्वांना नव्याने बसवावी लागणार आहे. उजवे पान मात्र मागच्या बैठकीपर्यंत कोरे होते. तेव्हा आमच्यातील सर्वांत नव्या शिक्षिकेने, कामाला लागून चारच महिने झालेल्या मुलीने, थोडे चाचरत विचारले, की व्हरांड्यातील भित्तिफलक दर महिन्याला बदलायलाच हवेत का. मुलांसाठी म्हणून असलेले ते काम बहुतेक वेळा शिक्षक शाळा सुटल्यानंतर थांबून करतात. चित्रकलेच्या सरांना हे अजिबात पटले नाही. व्हरांड्यातून जाताना मुले आपले चित्र शोधतात आणि ते सापडले की थांबतात, असे ते म्हणाले, आणि ते खरेच आहे. मग दोन महिन्यांनी बदलावेत का, मुलांनीच लावावेत का, वाकडे लागले तर चालेल का, यावर घंटा होईपर्यंत बोलणे चालले. माझ्या त्या ज्येष्ठ सहकारी या वर्षी निवृत्त होत आहेत. उठताना त्यांनी वही आपल्याकडे ओढली, उजव्या पानावर 'भित्तिफलक' असे लिहिले, पुढे प्रश्नचिन्ह काढले आणि मंगळवारची तारीख घातली.